ट्रेलर स्वस्त, पण ओढणार कोण? घोड्यांच्या राहत्या ट्रेलरविषयी एक प्रतिवाद

अमेरिकेत स्वतःचा घोडा बाळगून त्याला स्पर्धांना किंवा डोंगरातल्या रपेटीला नेणाऱ्या लोकांमध्ये एक सल्ला फार पसरलेला आहे. हाताशी पैसा बेताचा असेल तर पंधरा-वीस वर्षे जुना, तीन घोड्यांचा आणि पुढच्या भागात पलंग, ओटा व न्हाणीघर असलेला ॲल्युमिनियमचा ट्रेलर घ्यावा, असे तो सांगतो. त्याच्या समर्थनार्थ चार गोष्टी मांडल्या जातात: घरचा साधा पिकअप तो ओढू शकतो, ॲल्युमिनियमला वयाची बाधा नसते, हॉटेलचे पैसे वाचून किंमत वसूल होते आणि कर्जाचे व्याज प्राप्तिकरातून वजा मिळते. घोडेस्वारीची आवड लागलेल्या मुलीच्या मराठी आईवडिलांनाही हे सगळे पटण्यासारखे वाटेल. म्हणूनच त्यातला प्रत्येक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. पिकअपच्या माहितीपत्रकात ‘११,००० पौंड ओढण्याची क्षमता’ असे छापलेले असते आणि त्यावरच निर्णय घेतला जातो. परंतु हा आकडा काढताना गाडीत चालक व एक प्रवासी, दोघेही प्रत्येकी १५० पौंडांचे, आणि जवळजवळ रिकामी गाडी असे गृहीत धरलेले असते. खरी मर्यादा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पिवळ्या-पांढऱ्या पट्टीवर लिहिलेली असते: माणसे आणि सामान मिळून गाडीवर किती भार चालेल, हे ती सांगते. अर्धा-टन वर्गातल्या (हे अमेरिकेतल्या पिकअपच्या हलक्या वर्गाचे रूढ नाव आहे, प्रत्यक्ष क्षमता नव्हे) बऱ्याच पिकअपवर हा भार १,५०० ते १,९०० पौंडांच्या आसपास असतो. राहण्याची सोय असलेले बहुतेक ट्रेलर गूजनेक पद्धतीचे असतात, म्हणजे त्यांचे नाक पिकअपच्या हौद्यावर येते आणि एकूण वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के भार थेट गाडीवर पडतो. आता हिशेब करू. रिकामा ट्रेलर ८,५०० पौंड, प्रत्येकी १,१०० पौंडांचे तीन घोडे म्हणजे ३,३०० पौंड, ३० गॅलन पाणी म्हणजे सुमारे २५० पौंड, शिवाय खोगिरे, वैरण आणि दाणा. एकूण वजन १२,५०० पौंडांच्या घरात जाते आणि २० टक्क्यांनी धरले तरी गाडीवर २,५०० पौंड येतात. चालक, मुले आणि कुत्रा अजून मोजलेलेच नाहीत. इंजिन हे वजन ओढेलही. पण मागची स्प्रिंगे, टायर आणि उतारावरचे ब्रेक त्यासाठी बनवलेले नसतात, आणि मागे बंदिस्त उभ्या असलेल्या जनावराला त्यातून सुटायला वाट नसते. अशा ट्रेलरसाठी त्याहून भक्कम, म्हणजे तीन-चतुर्थांश टन वर्गाचा, आणि पुष्कळदा एक-टन वर्गाचा पिकअप लागतो. त्याची किंमत धरल्याशिवाय ‘स्वस्त ट्रेलर’ या हिशेबाला अर्थ नाही.

साध्या ट्रेलरमध्ये कुणी हौसेने घरच्या घरी पलंग-ओटा बसवला असेल, तर आणखी सावध राहावे, कारण वाढवलेले वजन ट्रेलरच्या पाटीवर कुठेच नोंदलेले नसते. ट्रकथांब्यावरील वजनकाट्यावर थोडक्या डॉलरांत उत्तर मिळते. खरेदीपूर्वी ते घ्यावेच.

ॲल्युमिनियमला वय नसते, हा दुसरा समज. ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नाही हे खरे, पण घोड्याचे मूत्र त्यालाही खाते. रबरी चटयांखाली ओल साचून राहिली की पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि ॲल्युमिनियमची फळी पोलादी आडव्या पट्टीला जिथे टेकते तिथे दोन धातूंच्या संयोगाने झीज अधिक वेगाने होते. लाकडी तळाच्या फळ्या कुजल्या तर सुतार त्या बदलून देतो. ॲल्युमिनियमचा तळ दुरुस्त करायला जाणकार वेल्डर लागतो आणि खर्चही त्या मानाने येतो. चालत्या ट्रेलरचा तळ फुटून घोड्याचा पाय रस्त्यावर घासला जाणे, हा अपघात घोडेवाल्यांच्या जगात ऐकीव नाही, घडणारा आहे. म्हणून पाहणीच्या दिवशी पलंग किती मऊ आहे हे शेवटी पाहावे. आधी सगळ्या चटया उचलाव्यात, पेचकसाने जागोजागी टोचून पाहावे आणि ट्रेलरखाली आडवे होऊन तळाची खालची बाजू तपासावी. विक्रेता चटया उचलू देत नसेल तर तिथूनच परत फिरावे. टायरवरील चार अंकी तारीखही वाचावी: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर ट्रेलरचे टायर बदलणेच योग्य. छताच्या सांध्यांतून पाणी झिरपले असेल तर पुढच्या खोलीत कुबट वास येतो आणि भिंत दाबल्यावर मऊ लागते. हे नुकसान डोळ्यांना उशिरा दिसते.

हॉटेलच्या बचतीत तथ्य आहे, पण अर्धेच. विमा, नोंदणी, चाकांच्या बेअरिंगना दरवर्षी ग्रीस, हिवाळ्याआधी नळांतले पाणी काढून गोठणरोधक भरणे, ट्रेलर उभा करण्याचे भाडे आणि स्पर्धेच्या मैदानावर वीज-पाण्याच्या जोडणीचे शुल्क, हे सगळे वजा केल्यावर वर्षाला मोजक्याच रात्री बाहेर काढणाऱ्या कुटुंबाला ट्रेलरची किंमत वसूल करता येत नाही. खरा लाभ पैशांत नाहीच. रात्री घोड्याला पोटशूळ उठला तर आपण वीस मैलांवरच्या हॉटेलात नसतो, दहा पावलांवर असतो. माझ्या मते ट्रेलर घेण्याचे हे सर्वांत प्रामाणिक कारण आहे आणि त्यासाठी न्हाणीघराची गरज नाही.

कराचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेला ट्रेलर दुसरे घर ठरू शकतो, हे बरोबर आहे. मात्र कर्ज त्याच ट्रेलरवर तारण असावे लागते आणि व्याजाची वजावट फक्त तपशीलवार वजावटी मांडणाऱ्यांना, म्हणजे सरसकट ठरलेली प्रमाणित वजावट न घेता एकेक खर्च दाखवणाऱ्यांना मिळते. अमेरिकेच्या २०१७ च्या करकायद्याने दांपत्याची प्रमाणित वजावट १२,७०० डॉलरवरून २०१८ साठी २४,००० डॉलरवर नेल्यानंतर बहुसंख्य कुटुंबे तपशील मांडतच नाहीत. अशा कुटुंबाला वीस हजार डॉलरच्या कर्जावरील व्याजातून काहीही मिळत नाही.

दोन घोडे असणाऱ्याने तर तीन ठाणांच्या मागे लागूच नये. हौद्यावर न टेकता गाडीच्या मागच्या हुकाला जोडायचा दोन घोड्यांचा ट्रेलर, ज्याच्या पुढच्या भागात एक पलंग, छोटे बेसिन आणि हलवता येणारे शौचपात्र एवढेच आहे, तो घोड्यांसह साधारण ७,५०० पौंडांत बसतो आणि त्याचा १० ते १५ टक्के, म्हणजे ७५० ते १,१२५ पौंड भार गाडीवर येतो. दाराची पट्टी अनुकूल असेल आणि जोडणी योग्य असेल, तर हे ओझे घरातल्या पिकअपलाही पेलू शकते. उरलेले पैसे नवे टायर, ब्रेकची तपासणी आणि ट्रेलर सुटल्यास आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेच्या नव्या बॅटरीवर खर्च करावेत.