चंदेरी मॅनिफोल्ड

पुण्याच्या जुन्या बाजारात जीपचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा नळ्यांचा जोड) चंदेरी रंगात चमकताना दिसला, की मी हात खिशातच ठेवतो. जन्मभर भट्टी सोसलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गंजून तांबूस झालेलं असायला हवं. त्याला उतारवयात नटायची हौस का यावी? विक्रेता म्हणतो, "गाडी उभीच होती साहेब, वापरच नाही." मग आतल्या तोंडाशी बोटभर काजळी कुठून आली, हे विचारू नये. उत्तर तयार असतं.

रंगाखाली चीर लपलेली असू शकते. पण चीर पडणं हा बिडाचा दोष नव्हे. अर्धा मीटर बीड पाचशे अंशांनी तापलं की सुमारे पावणेतीन मिलिमीटर लांबतं. मॅनिफोल्ड ज्याला बोल्टने बसतो ते इंजिनचं हेड पाण्याने गार राहतं, तेवढं लांबत नाही. म्हणून मॅनिफोल्डच्या कडेची बोल्टची भोकं मुद्दाम मोठी ठेवलेली असतात. नेमकी तीच पाहून कुणी मेस्त्री पान्याला पाइप लावून बोल्ट आवळतो. मग मॅनिफोल्डला सरकायला जागा उरत नाही. कडेचा कान तुटतो, नाहीतर दोन पोर्टांच्या (गॅस आत येतो त्या तोंडांच्या) बेचक्यात तडा जातो.

माठ घेताना वाजवतात तसा हाही लोक वाजवून घेतात. तारेला टांगून छोट्या हातोडीने टिचकी मारली, तर तडकलेला भद्द बोलतो, हे खरं. पण बीड मुळातच आवाज गिळतं, त्यामुळे केसाएवढी चीर या परीक्षेत हसत पास होते.

त्यापेक्षा थिनर आणि तारेचा ब्रश घ्या. रंग उतरल्यावर फ्लेंजपाशी (हेडला टेकणाऱ्या सपाट कडेपाशी) काळा ओघळ दिसला, तर गॅस तिथून बाहेर पडत होता. मग रॉकेल लावून वीस मिनिटं मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची भुकटी. चिरीतलं रॉकेल खडूवर रेघ काढतं. हल्ली रॉकेल मिळणं मॅनिफोल्ड मिळण्याहून कठीण आहे, डिझेल चालतं. खात्रीच हवी तर डाय पेनेट्रंटचे, म्हणजे चिरीत मुरून ती दाखवणाऱ्या रंगाचे, तीन डबे आणा: डाय, क्लीनर आणि डेव्हलपर. लाल डाय दहा मिनिटं ठेवा आणि क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा. थेट फवारलात तर चिरीतलाही डाय धुऊन जातो आणि मॅनिफोल्ड निर्दोष सुटतो. पांढऱ्या डेव्हलपरवर ठिपके उमटले तर ती ओतकामाची छिद्रं, वेडीवाकडी रेघ उमटली तर चीर. सरळ, उठावाची रेघ साच्याच्या सांध्याची. तिच्यावरून भाव पाडायचा प्रयत्न अवश्य करावा.

बाहेरच्या फासळीवरची, गॅसच्या वाटेपर्यंत न पोचलेली चीर मी चालवून घेईन. पॅकिंग बसतं तो सपाट फेस कापणारी किंवा नळीला वेढा घालणारी नाही. टर्बोच्या गाडीत तर आतली भिंतही बघा. तिथला टवका उडाला तर थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो.

"वेल्डिंग मारून घ्या" हा सल्ला फुकट असतो. साध्या रॉडने मारलं तर गार होताना शेजारीच 'टिंग' वाजतं आणि नवी चीर मिळते. नीट करायचं तर चिरीच्या टोकांना 3 मिलिमीटरची भोकं, आधी अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापवणं, निकेल रॉड, एकेक इंचाचे टाके, आणि रात्रभर कोरड्या वाळूत मुक्काम. त्यानंतर फेसवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. 0.2 मिलिमीटरचं पातं आत गेलं तर ग्राइंडिंगचा खर्च वेगळा. एवढ्यात नव्याची किंमत जवळ येते. एपॉक्सी लांबीचं नावच काढू नका, ती पहिल्याच घाटात जळते.

बसवताना पॅकिंग नवं, आणि बोल्ट मधून कडेकडे आवळायचे. तरीही सकाळी टिकटिक आली तर मेस्त्री व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागावर ढकलून म्हणेल, "टॅपेट आहे, गरम झालं की जाईल." आणि खरंच जाते, कारण तापलेलं बीड फुगून चीर मिटवतं. त्याच्याकडे गाडी न्यायची तर थंडच न्या.