कॅमेरा कुणाच्या गळ्यात?

काल कट्ट्यावर अव्या आला तोच फणफणत. बॅग आपटली नाही एवढंच, आत कॅमेरा होता.

"बागेत फोटो काढत होतो. घसरगुंडीवर पोरं, तिरपं ऊन, मस्त धूळ उडत होती. एक आई आली, म्हणाली, कशाला काढताय? डिलीट करा. समोर उभं राहून करायला लावला! आणि ही शिल्पा, माझ्यापासून चार हातांवर बसून तीच पोरं टिपत होती. हिला काय म्हणाली ती? 'छान आलाय हो, पाठवाल का?'"

शिल्पाला हसू आवरेना. "तुझी ती भोंग्याएवढी लेन्स बघून मीसुद्धा डिलीट करायला लावला असता."

"लेन्सचं सोड. पुरुषानं कॅमेरा धरला की नजर वाईट, बाईनं धरला की कौतुक. हा भेदभाव नाही?"

खरं सांगायचं तर मला त्याचं पटलं होतं. शिल्पा समोर होती म्हणून गप्प बसलो.

"आहे ना भेदभाव," विन्या म्हणाला. "पण तिला सूट का मिळाली ते बघ." आणि त्यानं होमाई व्यारावालांचं काढलं. विन्या बोलायला लागला की मध्ये कुणाला शिरता येत नाही. "भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावावर. पुढे साडी नेसून, कॅमेरा घेऊन त्या सगळीकडे फिरायच्या. लोकांना वाटायचं, बाई उगाच मिरवतेय. कुणी मनावरच घेतलं नाही, म्हणून नाजूक ठिकाणीही त्यांना शिरता आलं. हे त्यांनी स्वतःच सांगितलंय."

"म्हणजे फायदाच झाला की!"

"झाला. पण कशामुळे? ही फोटोग्राफर आहे असं कुणाला वाटलंच नाही, त्यामुळे."

आता शिल्पाचं हसणं थांबलं होतं. "मागच्या लग्नातलं सांगते. माझ्या गळ्यात दोन कॅमेरे, मी घामाघूम. माझा असिस्टंट, कोवळा पोरगा, हातात नुसता रिफ्लेक्टर. एक काका थेट त्याच्याकडे गेले. 'सर, ग्रुप फोटो कधी घ्यायचा?' त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. काका माझ्याकडे बघून छान हसले आणि परत त्यालाच विचारलं, 'मग साधारण किती वाजता येऊ?'"

"जुनी माणसं ती," अव्या म्हणाला. "आता असं राहिलंय कुठे?"

"२०१७ जुनं झालं का? निकॉननं डी८५० कॅमेऱ्याच्या जाहिरातीसाठी आशिया, आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले ३२ फोटोग्राफर निवडले. बायका किती असतील?"

"पाच-सहा?"

"एकही नाही. बोलावलेल्या बायकांना येणं जमलं नाही, असं कंपनीचं म्हणणं."

"नसेल जमलं. कंपनी काय करणार?"

"त्यांना नसेल जमलं, मग दुसऱ्या बायका नव्हत्या?"

यावर बराच वेळ नुसती तू-तू मैं-मैं झाली, ती इथे लिहिण्यात अर्थ नाही. मग न राहवून मीच तोंड उघडलं. युद्धाचे फोटो म्हटलं की रॉबर्ट कापा हे नाव सगळ्यांना माहीत असतं. पण ते मुळात एका माणसाचं नावच नव्हतं. १९३६ च्या सुमारास पॅरिसमध्ये एन्द्रे फ्रीडमन आणि गेर्डा टारो या दोन फोटोग्राफरांनी मिळून ते रचलं, फोटोंना चांगला भाव यावा म्हणून. १९३७ च्या जुलैत स्पेनच्या यादवी युद्धाचे फोटो काढताना गेर्डा गेली, सत्तावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. नाव एन्द्रेकडे राहिलं आणि ती उरली 'कापाची मैत्रीण'. त्या युद्धाच्या हरवलेल्या सुमारे ४,५०० निगेटिव्ह २००७ मध्ये हाती आल्या, तेव्हा कुठे कुठले फोटो तिचे, कुठले त्याचे, याची नीट छाननी सुरू झाली.

"वाईट झालं," अव्या म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. "पण माझं काय? तिथे सगळ्यांदेखत मला चोर ठरवलं त्याचं?"

मला वाटलं शिल्पा आता तासणार. ती जरा थांबून म्हणाली, "तुझं चुकीचं नाही रे. पण मला सोडलं ते काही विश्वास होता म्हणून नाही. तू त्या फोटोचं काहीतरी करशील म्हणून ती घाबरली. मी काय करणार, असं वाटलं तिला. आणि एक सांगू? विचारलं तर मीही नव्हतं. ना पोरांना, ना तिला."

अव्यानं कॅमेरा बाहेर काढला. डिलीट केलेल्या फोटोच्या आधीचा फोटो स्क्रीनवर होता, रिकामी घसरगुंडी, आणि तिच्यावरून नुकतीच उडालेली धूळ.

"शिल्पा, डिलीट झालेला फोटो परत मिळतो ना?"

"त्या कार्डवर नंतर काही काढलं नसशील तर बहुतेक मिळेल. सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे."

"एकच नंबर आला होता गं तो."

"मग काढून देऊ?"

अव्यानं कार्ड बाहेर काढलं, दोन बोटांत धरून उलटसुलट केलं आणि शर्टच्या खिशात टाकलं. "आधी बागेत जाऊन येतो," म्हणाला. "ती रोज येत असेल ना?"