ऋत्विक घटकांची जन्मशताब्दी साजरी करताना घ्यावयाची काळजी

बंगाली सिनेदिग्दर्शक ऋत्विक घटक ४ नोव्हेंबर १९२५ रोजी ढाक्यात जन्मले, एवढं पाठ असलं की शताब्दीचा संयोजक होता येतं. सिनेमे पाहिलेले नसले तरी चालतात. किंबहुना नसावेतच, बोलायला मोकळीक राहते.

सुरुवात दारूपासून करावी. 'प्रतिभा आणि मद्य' यावर अर्धा तास सहज निघतो. 'नागरिक' हा त्यांचा पहिला सिनेमा १९५२ मध्ये पूर्ण झाला आणि पडद्यावर आला १९७७ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर, हे मात्र सांगू नये. उगाच कोणीतरी विचारायचं, आधी बाटली आली की आधी ते पडून राहिलेले डबे?

सत्यजित राय यांच्याशी तुलना करावीच.

'मधुमती'ची कथा घटकांची, हे सांगून टाळ्या घ्याव्यात. त्याच १९५८ सालच्या 'अजांत्रिक'कडे वळू नये. त्यात टॅक्सीवाल्याचा जीव एका खटारा गाडीवर जडलाय, गाणी कुठून आणणार?

पुण्यात असाल तर 'आपले घटक' म्हणावं. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते उपप्राचार्य होते. मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम त्यांचे विद्यार्थी. शेवटच्या नावाला तरुण मंडळी मोबाइलमधून मान वर काढतात. तो हा नव्हे, हे लगेच सांगायची घाई नको.

आता मुख्य कार्यक्रम. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचा परिचय, त्या परिचयात अध्यक्षांनी स्वतः घातलेली भर. सहाचा सिनेमा सातला लावावा, तोही पेन ड्राइव्हवरून आणि आडवा ताणून. गेल्या महिन्यात मी असा घटकांचा 'मेघे ढाका तारा' पाहिला. नायिका सुप्रिया चौधुरी दीडपट रुंद, सबटायटल्स एक वाक्य मागे. तरी हॉल हळूहळू गप्प झाला. निर्वासित वस्तीतली नीता घरासाठी झिजली, धाकट्या बहिणीने तिचा माणूस नेला, क्षय झाला, शिलाँगच्या सॅनिटोरियममध्ये भाऊ भेटायला आला. आता ती 'दादा, मला जगायचं होतं' म्हणून ओरडणार, तेवढ्यात दिवे लागले! हॉलची वेळ नऊपर्यंतच होती म्हणे. आभारप्रदर्शनाला मात्र वेळ निघाला. वडेवाल्याचेही आभार मानले.

अहो, लाज कशी वाटत नाही? त्या एका किंकाळीसाठी माणसाने सगळा सिनेमा रचलाय. 'कोमल गांधार' लोकांनी पाडला, 'सुवर्णरेखा' तयार होऊन १९६५ पर्यंत अडकला. ते तेव्हाचे लोक, सोडा. आज सिनेमा तुमच्या हातात आहे, माणसं समोर बसली आहेत, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने बंद करता? नका करू शताब्दी, कोणी गळ घातलीय? करायचीच असेल तर भाषणं रद्द करा, शाली परत करा, सहा म्हणजे सहाला पडदा उजळू द्या. अध्यक्षांनाही पहिल्या रांगेत बसवा. त्यांनीही पाहिलेला नाही. भाषणात ते नीताला दोनदा घटकांची बायको म्हणाले.