२५४ नव्हे, ७४

आज इथे तंबाखू सोडल्याचा ‘दिवस २५४’ असं टाकायचं होतं. खरा आकडा ७४ आहे.

गेल्या ३१ मेला, तंबाखूविरोधी दिनाचा मुहूर्त गाठून, मी बावीस वर्षांची तंबाखू सोडल्याचं इथे जाहीर केलं. त्याच्या आदल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांनी खालच्या ओठाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला होता. मी बार धरायचो तीच जागा. घाबरलो. घरी सांगण्यात अर्थ नव्हता, घरच्यांनी ते इतक्यांदा ऐकलं होतं की बायको भाजी निवडताना मानसुद्धा वर करत नसे. म्हटलं, चारचौघांत बोलू. मोडताना लाज तरी वाटेल.

वाटलीही. ऑफिसात कुणी तळहातावर मळायला घेतलं की दुसरा म्हणायचा, ‘यांच्यासमोर नको, फेसबुकवर टाकतील.’ आमच्याकडे ‘चुना आहे का?’ हा ओळख काढायचा प्रश्न आहे. २०१६-१७च्या ‘गॅट्स’ या प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास चारातला एक प्रौढ बिनधुराची तंबाखू खाणारा निघाला होता. आमच्या ऑफिसात मोजणी केली असती तर सरासरी वर गेली असती.

दिवस १७१. चुलतभावाची हळद, मांडवामागं चौघं बसलेले. ‘दादा, आज तरी.’ एक चिमूट घेतली. डोकं गरगरलं, घाम फुटला, पहिल्यांदा खाल्ल्यासारखा. दुसऱ्या दिवशी गरगरलं नाही. पुढचे नऊ दिवस गाडीच्या डिकीत पुडी होती आणि त्या नऊही दिवसांत मी इथे आकडे टाकत होतो. ‘दिवस १७५. आता तल्लफसुद्धा येत नाही.’ हे मी चूळ भरून येऊन टाइप केलं होतं. तुम्ही त्याला भरभरून लाइक दिलेत.

दहाव्या दिवशी पुन्हा सोडली, यावेळी कुणाला न सांगता. आकडा मात्र जुनाच पुढे चालवला. मनाला समजावलं, लोकांना प्रेरणा मिळतेय, कशाला मोडा?

परवा एका मुलाचा मेसेज आला. ‘दादा तुमचं बघून सोडली. एकोणीस दिवस झालेले, काल खाल्ली. तुमचं एकदापण कसं मोडलं नाही? आमच्यात तेवढा दम नाय.’

तो मेसेज वाचून जेवण गेलं नाही. मी ज्याला प्रेरणा म्हणत होतो, तिच्या वजनाखाली तो पोरगा दबला होता.

माझा मेहुणा दारू सोडायला एएच्या, म्हणजे ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगला जातो (हे त्याला विचारून लिहितोय, नाव मात्र नाही). तिथे उठून आपली गोष्ट सांगतात, त्याला ‘शेअरिंग’ म्हणतात. त्याच्याकडून ऐकलेली एक हकिकत आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन, एएचा एक संस्थापक, धंद्याचा सौदा फिसकटून हॉटेलात एकटाच होता. शेजारच्या बारमधला गलका ऐकू येत होता. दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले. त्याने फोनाफोनी करून दुसरा एखादा दारुडा शोधला. त्याला सुधारायला नव्हे, स्वतः पिऊ नये म्हणून. तो दुसरा, पुढे एएचा सहसंस्थापक झालेला डॉक्टर बॉब, काही आठवडे टिकला आणि परत घसरला. मग शेवटचा प्याला घेऊन थांबला तो १० जूनला, आणि एए आपला वाढदिवस तीच तारीख धरते. पहिल्या भेटीची नाही, घसरल्यानंतरची.

शिवाय तिथे आडनाव नसतं आणि लाइक नसतात. मी इथे दोन्हींवर जगत होतो. आकडा वाढला की कौतुक वाढायचं, आणि कौतुकाचीही तल्लफ येते हो. ‘निंदकाचे घर असावे शेजारी’ म्हणतात ते उगीच नाही. माझ्या शेजारी सगळे अंगठेवाले राहायला आले होते. घसरणीशिवायच्या ‘मी कसं सोडलं’ छापाच्या पोस्टवर आता माझा काडीचा विश्वास नाही, माझ्या स्वतःच्या तर अजिबात नाही.

त्या मुलाला सगळं लिहून पाठवलं. डिकीतल्या पुडीसकट. ज्याला ओळखीच्या माणसाशी बोलायचं नसेल त्याच्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, तीही दिली. रात्री उशिरा उत्तर आलं, ‘म्हणजे खरे ७२ का? मग तुम्ही माझ्यापुढं फक्त ७१ दिवस हाय. गाठतो.’

रविवारी त्याच चुलत घरात दुसरी हळद आहे. मांडवामागं जायचं नाही असं ठरवलंय. गेलो तर सोमवारी इथे ‘दिवस १’ दिसेल.