खेळ आहेत, पण आम्हाला सांगतंय कोण?

४ जानेवारीला ब्रेल जयंती, १५ ऑक्टोबरला पांढरी काठी दिन. त्या दिवशी अंधशाळांमध्ये फळं येतात, ब्लँकेटं येतात, भाषणं होतात. देणाऱ्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण मी पूर्ण अंध आहे, अशाच शाळेत वाढले, आणि एवढ्या पाहुण्यांपैकी कुणी "चल, एक डाव टाकू" म्हणाल्याचं मला आठवत नाही.

अंधांना कसले आलेत खेळ, असं अजून पुष्कळांना वाटतं. आमचा बुद्धिबळाचा पट एकदा हाताने बघा. काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, मोहऱ्यांना खाली खुंटी, आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बोटाला लागेल अशी खूण. तोच डाव आता लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर खेळता येतो. अंधांसाठी वेगळा मोड आहे: चाल टाइप करायची, समोरच्याची चाल स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून सांगणारं सॉफ्टवेअर, वाचून दाखवतं, घड्याळात किती वेळ उरलाय तेही विचारता येतं. समोरच्याला मी अंध आहे हे कळतसुद्धा नाही. हरले तर हरले, सूट नाही. ही बरोबरी मला रोजच्या जगण्यात फार कमी ठिकाणी मिळते.

जपानचे व्हिडिओ गेम बनवणारे केंजी एनो यांनी १९९७ मध्ये सेगा कंपनीच्या सॅटर्न या टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रासाठी नुसत्या आवाजावर चालणारा खेळ काढला, पडद्यावर चित्रच नाही. पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. सेगाने हजार सॅटर्न अंधांना द्यावेत, असं त्यांनी ठरवून घेतलं. खेळ बनवला म्हणजे तो पोहोचला असं होत नाही, हे त्या माणसाला नेमकं समजलं होतं.

आपल्याकडे घोडं तिथेच अडलंय. २०१५ चा 'अ ब्लाइंड लेजेंड' हेडफोन लावून मोबाइलवर खेळायचा खेळ. नायक आंधळा योद्धा, त्याची मुलगी आवाजाने वाट दाखवते. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या प्लेस्टेशनच्या खेळात अपंगांना खेळता यावं म्हणून साठाहून जास्त सोयी आहेत, पूर्ण अंध माणसांनी तो शेवटपर्यंत खेळलाय. (प्लेस्टेशन परवडत नाही, मान्य.) पण ही सगळी माहिती इंग्रजीत. लातूरच्या नववीतल्या अंध पोराच्या हातात टॉकबॅकवाला (ॲण्ड्रॉइडचा स्क्रीन रीडर) फोन आहे, खेळाचं नाव मात्र त्याच्या कानावर कुणी घातलेलं नाही. कॉम्प्युटरच्या वर्गात वर्ड, एक्सेल आणि बँकेच्या परीक्षा, बस.

खेळांनी टायपिंग सुधारतं, डावा-उजवा आवाज पटकन ओळखता येतो, हे खरंच आहे. तरी मी ते कारण पुढे करणार नाही. डोळस मुलाला कुणी विचारतं का, क्रिकेट खेळून तुझं काय सुधारलं म्हणून?

ॲप बनवणाऱ्यांनाही सांगते. टॉकबॅक चालू करून आपल्या लुडोवर बोट फिरवा. बऱ्याच वेळा शांतता, नाहीतर 'लेबल नसलेलं बटण'. फासा कुठे, सोंगटी कुठे, काही पत्ता नाही. बटणाला नाव देणं हे फार मोठं काम नाही हो.

घरात, शेजारी, वर्गात कुणी अंध किंवा कमी दिसणारं असेल तर त्यांना यातला एक खेळ लावून द्या आणि स्वतः सोबत खेळा. काही अडलं तर मला मेसेज करा, मी फोनवर मराठीत सगळं सांगेन. रविवारी दुपारी मी मोकळीच असते.