दोन स्वेटर, एक कानटोपी आणि ब्रँडीचे दोन घोट: थंडीतल्या बाइकस्वारांना मिळणाऱ्या सल्ल्याला उत्तर

डिसेंबर लागला की ठाण्यातल्या रायडर मंडळींच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: थंडीत बाइक चालवायची तर दोन जाड स्वेटर घाला. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, म्हणून हेल्मेटच्या आत कानटोपी आणि वरून मफलर. छातीला वर्तमानपत्र लावा. बोटं गारठली तर इंजिनवर शेका. फारच थंडी वाजली तर ब्रँडीचे दोन घोट. आणि रोजच्या ठाणे-वाशीला यातलं काहीच नको, आपल्याकडे थंडी असते कुठे!

यातला एक सल्ला बरोबर आहे. बाकीचे अर्धवट आहेत आणि दोन तर जिवावर बेतणारे आहेत. जानेवारीत शनिवार-रविवारी पहाटे तीन हात नाक्यावरून, माजिवड्यावरून नाशिककडे किंवा कल्याण-मुरबाडमार्गे माळशेजला निघणाऱ्यांत कॉलेजातली पोरं पुष्कळ असतात. गाडी नवी, हात नवा आणि तयारी म्हणजे हा मेसेज. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘दोन जाड स्वेटर घातले की झालं.’

लोकरीचा धागा स्वतः गरम नसतो. त्याच्या विणीत हवा अडकते, अंगाच्या उष्णतेने ती कोमट होते आणि तीच ऊब आपल्याला जाणवते. घरात, गच्चीवर, चालताना हे छान जमतं. गाडीवर ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून त्या विणीत घुसतो आणि कोमट झालेली हवा क्षणात पळवतो. दुसरा स्वेटरही तसाच विणलेला, त्यातूनही तो आरपार जातो.

वारा किती फरक पाडतो बघा. हवेत १० अंश सेल्सियस असताना ताशी ६० च्या वाऱ्यात उघड्या त्वचेला साधारण ५ अंशांइतकं गार लागतं. हवेतच ५ अंश असतील तर उणे २ च्या आसपास. हे अंदाज उघड्या चेहऱ्याच्या त्वचेवरून बांधलेले आहेत. थर्मामीटर वाऱ्यात धरलात तरी तो खाली उतरणार नाही, पण अंगातली उष्णता त्या वेगाने निघून जाते. आणि ५ अंश ही काही काश्मीरची गोष्ट नाही. इगतपुरी-नाशिकचा पट्टा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि निफाडला पारा ५ अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. ठाण्यातून निघताना अंगावर असलेल्या कपड्यांचा हिशोब कसारा घाट चढल्यावर पुरत नाही.

उपाय साधा आहे आणि बहुतेकांच्या घरात आहेही: आत एक स्वेटर, त्यावर वारा अडवणारं काहीतरी. विंडचीटर असेल तर उत्तमच. नसेल तर जून ते सप्टेंबर वापरून कपाटात टाकलेला रेनकोट काढा, पँटसकट. पाणी अडवणारं कापड वाराही अडवतं. गळ्याशी आणि मनगटाशी फट राहता कामा नये, कारण वारा तिथूनच आत शिरतो. रेनकोटची एकच खोड आहे, आत घाम कोंडतो. म्हणून अंगाला लागून सुती बनियन नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि चहाला थांबून पुन्हा निघालात की तेच ओलं कापड अंग गार करतं. व्यायामाला घालतात तसला पातळ, पटकन वाळणारा टीशर्ट आत घाला.

‘बोटं गारठली तर इंजिनवर शेका.’

या वाक्यामुळेच मी लिहायला बसलो. चालून आलेल्या एअर-कूल्ड इंजिनचा पत्रा शंभर अंशांच्या पुढे सहज असतो, सायलेन्सर त्याहून तापलेला. बधिर बोटाला चटका वेळेवर कळत नाही. कळतो तेव्हा कातडी भाजलेली असते. काही जण तर चालत्या गाडीवर डावा हात खाली सोडून इंजिनपाशी धरतात, म्हणजे घाटाच्या वळणावर क्लच सोडून एका हाताने गाडी.

पडघ्याच्या पुढे एका चहाच्या टपरीवर पाहिलेला एक मुलगा सांगतो. परतीच्या वाटेवर होता, हातात बोटं उघडी ठेवणारे जिमचे ग्लोव्हज. गाडी स्टँडला लावली आणि हेल्मेटचा पट्टा काढू लागला. बक्कलचं लाल बटण अंगठ्याखाली यायचं, पण दाबलं जात नव्हतं. दोन्ही अंगठे लावले, मग नखाने ओढून पाहिलं. शेवटी मित्राने हनुवटीखाली हात घालून बक्कल सोडवलं. त्याच बोटांनी तो काही मिनिटांपूर्वी महामार्गावर ट्रेलरच्या मागे पुढचा ब्रेक दाबत होता.

शरीर असं का करतं? छाती-पोट गार पडू लागलं की हृदय, फुप्फुसं, मेंदू सांभाळण्यासाठी शरीर हातापायांच्या त्वचेकडचा रक्तपुरवठा आवळतं. म्हणजे बोटं गार पडण्याचं कारण पुष्कळदा छातीवर असतं. नुसते जाड हातमोजे घेऊन भागत नाही, धड उबदार ठेवलं तरच रक्त बोटांपर्यंत पोचतं. बोटांची त्वचा साधारण १५ अंशांच्या खाली गेली की बारीक हालचाली मंदावतात, त्याहूनही खाली स्पर्शच कळेनासा होतो. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. लिव्हर दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर आठ मीटर गेले, म्हणजे दोन मोटारकारची लांबी.

हातमोजे पूर्ण बोटांचे, वारा अडवणारे आणि किंचित सैल हवेत. घट्ट मोजे रक्तच अडवतात. बुटात दोन-दोन पायमोजे कोंबल्यानेही हेच होतं. बोटं गारठलीच तर गाडी बाजूला घ्या, हात काखेत धरा, दंड गोल फिरवा, चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरा. अंग कुडकुडायला लागलं, बोलताना जीभ जड झाली, किंवा ‘आता थांबायला नको, पोचूच’ असं वाटू लागलं, तर त्या क्षणी थांबायचंच. थंडी विचारशक्तीही मंद करते आणि ते ज्याचं त्याला कळत नाही. सोबतच्याने थांबवलं तर त्याच्याशी वाद घालू नका.

‘निम्मी उष्णता डोक्यातून जाते.’

मोठ्या माणसाचं डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या जेमतेम दहावा हिस्सा असतं आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. या समजुतीचं मूळ अमेरिकी लष्कराने केलेल्या जुन्या चाचण्यांकडे नेलं जातं. त्यांत माणसांच्या अंगावर ध्रुवीय थंडीचे कपडे होते आणि डोकं उघडं होतं. मग बहुतेक उष्णता डोक्यातूनच जाणार! २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा समज खोडून काढला गेला, तरी मेसेज आपला फिरतोच आहे.

कान झाकू नयेत असं मी म्हणत नाही. पण विणलेली जाड कानटोपी हेल्मेटखाली घातली की हेल्मेट नीट बसत नाही. टोपी दबते, हेल्मेट डोक्यावर सरकतं आणि पडल्यावर जे जागेवर राहायला हवं तेच हलतं. पातळ, अंगासरशी बसणारा बालाक्लावा (डोकं, कान आणि मान झाकणारं कापडी आवरण) मिळतो, तो घ्या. नाक मात्र मोकळं ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ वर जाऊन व्हायझर धुरकटतो. शहापूर-मुरबाडच्या शेतांवर पहाटे धुकं असतं, त्यात आतूनही धुकं नको. मफलर घ्यायचाच तर दोन्ही टोकं जॅकेटच्या आत आणि चेन वर ओढलेली. ओढणी चाकात अडकून होणारे अपघात आपल्याला माहीत आहेत. मफलरही कापडच आहे.

‘ब्रँडीचे दोन घोट.’

दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात, गरम रक्त वर येतं, म्हणून ऊब आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर वाऱ्याच्या हवाली होते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. गाडी चालवायची असेल तर एक घोटही नको.

‘छातीला वर्तमानपत्र लावा.’

हे खरं आहे. कागद वारा अडवतो. युरोपातले सायकलपटू डोंगर उतरताना जर्सीत वर्तमानपत्र खुपसायचे ते याचसाठी. अर्ध्या वाटेत गारठलात आणि जवळ दुसरं काही नाही, तर टपरीवरचा पेपर मागून चार घड्या स्वेटर आणि शर्टाच्या मध्ये घाला. घामाने ओला झाला की बदला.

‘ठाणे-वाशीला काहीच नको.’

जानेवारीत पहाटे साडेपाचला पाम बीच रोडवर किंवा ऐरोलीच्या खाडीपुलावर स्कूटर चालवणाऱ्याला विचारा. दूध टाकणारे, पेपर टाकणारे, घोडबंदर रोडवर रात्री एक-दोनपर्यंत पार्सल पोचवणारी डिलिव्हरीची मुलं, यांचं अंग पर्यटकांसारखं एक दिवस गारठत नाही, रोज गारठतं. त्यांच्या अंगावर कंपनीचा पातळ टीशर्ट असतो. तुमच्या घरी न वापरलेलं विंडचीटर पडून असेल तर ते यांच्यापैकी कुणाला द्या.

आणि शाळेची मुलं. खारघर, नेरुळ, कोपरी, कुठेही सकाळी बघा, स्कूटरच्या पुढच्या फळीवर मूल उभं असतं आणि मागे आई किंवा बाबा जॅकेटात. समोरचा सगळा वारा आधी त्या लेकराला लागतो. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचा पृष्ठभाग जास्त असतो, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात. नियम सांगतो की चार वर्षांखालच्या मुलाला सेफ्टी हार्नेस (चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा) आणि हेल्मेट हवं, आणि असं मूल गाडीवर असताना वेग ताशी ४० च्या आत. मुलाला मागे बसवा, वारा तुमच्या छातीवर अडू द्या, त्याला त्याच्या मापाचं विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घाला. शाळेच्या फाटकाशी उतरवताना त्याची बोटं हातात घेऊन बघा, गार लागली तर उद्यापासून आत आणखी एक थर चढवा.