पाणी ठीक, दूध नको

तांब्याच्या भांड्यात पाणी साठवून प्यावं, असं सांगणारा तुमचा लेख वाचला; त्या पाण्याचं कौतुक मान्य. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं होतं की अशा भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यात जुलाबाचे जंतू सापडत नाहीत. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातलं संशोधन लेखात यायलाच हवं होतं! तान्ह्या मुलांचं यकृत खाणारा सिऱ्हॉसिस (यकृत निबर होऊन निकामी होण्याचा आजार) आणि पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेलं वरचं दूध यांचा संबंध तिथल्या आणि ब्रिटनच्या डॉक्टरांनी १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. दुधातलं केसीन हे प्रथिन भांड्याचं तांबं धरून ठेवतं आणि ते बाळाच्या यकृतात साठतं. भांड्यांना आतून कल्हई उगाच करत नव्हते, तिच्यामुळे दूध तांब्या-पितळेला लागत नसे. पुढे स्टील आलं आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. लिंबूपाणी, ताकसुद्धा त्या महागड्या तांब्याच्या बाटल्यांत भरू नका, आंबटाने तांबं सुटतं.